‘अजून नाही’ असं लिहिलेलं पिंप

मी फार फिरलेली मुलगी नाही. पालघरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातून मुंबईचं कॉलेज, आणि तिथून विमानाने थेट सिडनी, एवढाच माझा प्रवास. म्हणून तीन दिवसांच्या या सहलीबद्दल लिहायला बसले तेव्हा आधी वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे? सिडनीच्या दक्षिणेला साउथ कोस्टला सगळेच जातात. पण आम्ही जिथे गेलो तिथे आता पाहुणे घेत नाहीत. त्यामुळे जमेल तसं लिहून ठेवते.

जाण्याचं कारण अभ्यासाचं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि इथे युनिव्हर्सिटीत मी अन्नशास्त्र शिकते. एका विषयात एखाद्या प्रदेशाच्या तीन वाइन आणि त्यांच्याबरोबर खायचे पदार्थ यांवर रिपोर्ट लिहायचा होता. स्वतः वास घेऊन, चव घेऊन. एरवी हे लॅबमध्ये होतं. पण कोविडमुळे लॅब बंद. नाकाचा अभ्यास आणि नाकावर मास्क, अशी गंमत झाली होती. सरांनी सांगितलं, आपापलं ठिकाण शोधा.

ठिकाण शोधलं केतकीताईने. सिडनीतल्या पेंडल हिलला तिच्या घरातल्या एका खोलीत मी राहते. ती पुण्याची, आयटीत, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, मासे खात नाही, पण खाणाऱ्याला हसायला तिला आवडतं. तिला वेबसाइटवर एक जोडपं सापडलं: पोर्तुगालच्या दक्षिण टोकाचे, आल्गार्व नावाच्या उबदार किनाऱ्यावरचे. इकडे येऊन तीस वर्षं द्राक्षं लावणारे, आणि तिकडचंच जेवण आपल्या वाइनबरोबर वाढणारे. राहायला एक केबिनही होती.

“किनारा, मासे आणि दारू,” केतकीताई म्हणाली. “तुझ्या गावासारखंच की. बाबांची नारळाची बाग आहे ना तुझ्या?”

“हो,” मी म्हटलं. असं मीच तिला सांगितलं होतं.

मे महिन्यात आई-बाबा दोघंही कोविडने आजारी होती. विमानं बंद होती. मी पेंडल हिलच्या खोलीत बसून फोनकडे बघत दिवस काढले. जूनपर्यंत दोघं बरी झाली. निदान फोनवर तरी म्हणत होती, आम्ही बरे आहोत. तेव्हा जूनच्या लाँग वीकेंडला आम्ही निघालो.

शनिवार

शेवटचा तासभर रस्ता जंगलातून होता. दीड वर्षापूर्वीच्या वणव्यात ते जळलं होतं. जळलेलं जंगल म्हणजे राख, अशी माझी समजूत. तसं नव्हतं. झाडं उभीच होती, कोळशासारखी काळी. फांद्या गेलेल्या, आणि पालवी थेट खोडातून फुटलेली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, दाट. अंगभर केस आलेल्या माणसांची रांग उभी असावी तशी. केतकीताईने गाणं बंद केलं.

“का गं?”

“काही नाही. बरं नाही वाटत मोठ्याने लावायला.”

फाटकावर लॅमिनेट केलेला क्यूआर कोड लटकत होता, खाली सॅनिटायझरची बाटली, कधीच वाळून गेलेली. आम्ही चेक-इन केलं. आत गाडी घेतली आणि ठो! गोळी सुटल्यासारखा आवाज. केतकीताईने करकचून ब्रेक मारला.

समोरच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा होत्या. वेलींवर पांढऱ्या जाळ्या घातलेल्या, लांबच लांब. इथे जून म्हणजे थंडी, पानं गळून गेलेली, त्यामुळे त्या जाळ्यांखाली नुसत्या काटक्या दिसत होत्या. त्यांच्यामधून एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ हात हलवत आले.

“घाबरू नका. गॅसची तोफ आहे. पाखरं हाकलायला.”

“द्राक्षं आहेत अजून?” मी विचारलं.

“छे. फेब्रुवारीतच उतरवली. शेजारच्यांनी नेली.”

“मग तोफ?”

“टायमर लुर्देसने लावलाय,” ते म्हणाले, आणि एवढं सांगितलं की झालं, अशा थाटात आमच्या बॅगा उचलायला वळले.

त्यांचं नाव अनिबाल. ‘नुसतं अनिबाल म्हणा’, असं त्यांनी दोनदा सांगितलं, पण सत्तरीच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मी मनात त्यांना अनिबालकाका म्हणत होते, तेच इथे लिहिते. ते इंग्रजीत बोलत, वाक्याच्या मध्येच कधी पोर्तुगीज शब्द.

तोफ दिवसभर वाजायची. दर दहा-बारा मिनिटांनी ठो. जवळ जाऊन बघितलं तर तिच्या नळीवरच एक मॅगपाय पक्षी बसला होता. आवाज झाला की जरासा हलायचा आणि पुन्हा पिसं साफ करायचा.

जेवण व्हरांड्यात मांडलं होतं. टेबलावर चार ताटल्या, चार ग्लास.

“अजून कोणी येणार आहे?” केतकीताईने विचारलं.

“नाही.”

ते आमच्यासमोर बसले. चौथी खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला होती, पाठीवर निळा स्वेटर. पहिली वाइन त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीपुढच्या ग्लासात ओतली. मग आमच्या.

“सुप्री,” केतकीताई मराठीत पुटपुटली, “ते पान कुणाचं वाढलंय?”

“मला काय माहीत.”

“आपल्याकडे असं पान कधी वाढतात माहितीये ना?”

“गप ना ताई.”

भाषा कळली नसली तरी त्यांना प्रश्न कळला असावा. लुर्देस म्हणजे त्यांची बायको. गेल्या हिवाळ्यात गेली. कोविडने नाही, हृदयाने. पण दिवस कोविडचे, त्यामुळे अंत्यविधीला दहाच माणसं. “आमच्या गावात नाताळच्या आदल्या रात्री जेवणाचं टेबल आवरत नाहीत,” ते म्हणाले. “घरातली गेलेली माणसं भुकेली येतात म्हणून. सकाळी आवरायचं असतं.” त्यांनी त्या ग्लासाकडे बघितलं. “या वेळचं मी आवरलंच नाही.”

आमच्याकडेही गेलेल्यांसाठी पान ठेवतात. पण बाहेर, कावळ्यासाठी. कावळा शिवला की सुटलो म्हणायचं आणि घरात यायचं. इथे कुणी शिवायला येणार नव्हतं. मला जेवताना सारखं त्या ताटलीकडे बघावंसं वाटत होतं आणि बघायचंही नव्हतं.

पण जेवण, खरं सांगते, अप्रतिम होतं. आधी तांब्याचं एक भांडं आलं, दोन शिंपल्या एकमेकांवर मिटाव्यात तसं. बिजागरी, कड्या, सगळं. उघडलं तर आत खरोखरच शिंपल्या, म्हणजे आमच्या तिसऱ्या, लसूण आणि कोथिंबिरीत वाफवलेल्या. कोथिंबीर बघून मला रडूच यायचं बाकी होतं. त्याच्याबरोबर पांढरी आरिंतो. उन्हातल्या द्राक्षांची वाइन लवकर मऊ पडते, पण या जातीचा आंबटपणा उन्हातही टिकतो, म्हणून ती शिंपल्यांना चालते, असं काका म्हणाले.

“वास घे. लुर्देस म्हणते, हिरवं सफरचंद. आणि पाऊस पडून गेलेला दगड.”

मला सफरचंद सापडेना. मला कैरी देठापासून तोडली की येतो तो वास येत होता. वहीत मी समासात तसं मराठीत लिहिलं आणि वर इंग्रजीत ‘green apple’ लिहिलं.

“नाक घाल की आत,” केतकीताई म्हणाली. “एवढ्या लांबून काय बघतेस? चावत नाही ती.”

तिच्यासाठी काकांनी गाजरं केली होती. उकडून चकत्या, वर लसूण, जिरं, कोथिंबीर आणि व्हिनेगर. तिने एक घास घेतला आणि डोळे मोठे केले. “जिरं! अहो, ही तर आपली कोशिंबीर!” पुढची दहा मिनिटं ती भुताचं पान विसरून गेली.

मग सार्डिन, आमचे तारले. निखाऱ्यावर भाजलेले, प्रत्येकी एका जाड पावाच्या तुकड्यावर. मासा बोटांनी खायचा, तेल पावात मुरत राहतं, आणि पाव सगळ्यात शेवटी. आमच्याकडे आई भाकरीवर तळलेला मासा ठेवते तेव्हा खालची भाकरी आम्ही भावंडं अशीच राखून ठेवायचो. याच्याबरोबर लाल वाइन होती, नेग्रा मोल, फिकट रंगाची, थोडी गार केलेली. माशाबरोबर लाल चालत नाही असं आम्हाला शिकवलेलं. काका हसले. “ज्यांनी शिकवलं त्यांच्या किनाऱ्यावर ऊन नसेल. ही लाल असून हलकी आहे. तेलकट माशाला उलट हीच हवी. लुर्देस म्हणते, चेरी, आणि तापलेली माती.”

मला करवंदं आठवली. मेमधली, झाडावर तापलेली.

शेवटी अंजीर-बदामाचे छोटे गोळे आणि गोड मस्कत. रिपोर्टच्या तीन वाइन झाल्या. मी वही मिटली. तेव्हा काका उठून कुठेतरी गेले आणि तीन ग्लास घेऊन आले. प्रत्येकात लाल वाइनचा एकेक घोट.

“ही बाटलीतली नाही. पिंपातली आहे. लुर्देसची शेवटची. घे. सांग, कशी आहे?”

त्यांनी स्वतःचा ग्लास नाकाशी नेला, लांब श्वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ग्लासकडे नाही. माझ्या तोंडाकडे.

मी वास घेतला. नाकात काहीतरी टोचलं. मग मला काहीतरी ओळखीचं वाटलं, इतकं ओळखीचं की मी ग्लास खाली ठेवला.

“छान आहे,” मी म्हटलं.

“मस्त आहे, खूपच मस्त,” केतकीताई म्हणाली. तिने ओठसुद्धा लावले नव्हते.

“सगळे हेच म्हणतात,” काका म्हणाले. चेहरा आनंदी नव्हता. खाली उतारावर तोफ वाजली. अंधार पडायच्या आधीचा तो शेवटचा बार होता.

रविवार

पहाट झाल्यावर पुन्हा ठो ठो सुरू. धुकं एवढं, की केबिनच्या खिडकीतून जाळ्या आणि धुकं वेगळं करता येत नव्हतं. त्यातून मध्येच एक कांगारू उभा राहिलेला दिसला, हात छातीशी धरून, आमच्याकडे बघत. मग तिथे नव्हता.

नाश्त्याला मोठ्या घरात गेलो. काका आमच्याकडे तोंड करून कॉफी ओतत होते आणि सांगत होते, “लुर्देस म्हणते, हिरवं सफरचंद. आणि पाऊस पडून गेलेला दगड.” कालच्याच शब्दांत, सफरचंदानंतर तेवढंच थांबून. म्हणजे हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या पाठीमागे ग्रिलमधून धूर निघत होता. आधी बारीक, मग काळा. पाव जळत होता. स्वयंपाकघरभर करपट वास. आणि ते बोलतच होते.

“काका, जळतंय!” केतकीताई मराठीत ओरडली.

ते आमच्या तोंडाकडे बघत राहिले. एकीच्या, मग दुसरीच्या. मग मागे वळले आणि धूर बघून त्यांनी पावाऐवजी आधी खिडकी गाठली. डोंगराकडे बघितलं. डोंगर धुक्यात शांत होता. मग ग्रिल बंद केला. ज्या माणसाने दीड वर्षापूर्वी वणवा कुंपणापर्यंत आलेला बघितलाय, त्याला आपल्या स्वयंपाकघरातला धूर कळला नव्हता.

आणि मला काल त्यांनी तसं का बघितलं, ते कळलं. कारण मी ते आधी बघितलं होतं.

आता मला एक गोष्ट सांगावी लागेल जी मी केतकीताईला सांगितली नव्हती. माझ्या बाबांची बाग नाही. आम्ही भंडारी. बाबा दुसऱ्यांच्या माडांवर चढून माडी काढतात. सकाळी उतरवलेलं मडकं गोड असतं, दुपारी चढायला लागतं, दुसऱ्या दिवशी आंबट, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती मावश्या ते शिरक्यासाठी, म्हणजे व्हिनेगरसाठी, घेऊन जातात. शाळेत जायच्या आधी मी बाबांबरोबर मडकी हुंगायचे. कितव्या दिवसाची ते ओळखायचं, हा आमचा खेळ. मुंबईच्या कॉलेजात गेल्यावर मी ‘नारळाची बाग’ म्हणायला लागले.

मेनंतरच्या एका व्हिडिओ कॉलवर बाबा मागे अंगणात मडकं हुंगताना दिसले. त्यांनी मडकं नाकाशी नेलं, लांब श्वास घेतला आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. आईने नाक जरा मुरडलं. बाबांनी मडकं बाजूला ठेवलं. ना ती काही बोलली, ना ते. आणि मीही नाही.

“ताई,” मी हळूच म्हटलं, “यांना वास येत नाही.”

“काय बोलतेस? अगं यांचा धंदाच तो आहे.”

“म्हणून तर.”

अकराच्या सुमाराला काका म्हणाले, चला, पिंपघर दाखवतो. टेकडीत अर्धं खणून बांधलेली ती खोली होती. आत गारवा आणि काळोख, एकच बल्ब. चार लाकडी पिंपं आडवी ठेवलेली. तीन रिकामी, काकांनी बोटाने वाजवून दाखवली. चौथ्यावर खडूने काहीतरी लिहिलं होतं. खाली तारीख, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. प्रत्येक तारखेपुढे तेच दोन शब्द.

“काय लिहिलंय?”

“अजून नाही,” काका म्हणाले. “ती दर महिन्याला चव घ्यायची आणि लिहायची. अजून नाही. अजून नाही. वाइन करणारी ती होती. मी फक्त वेली बघायचो आणि रांधायचो. ही तिची शेवटची तारीख. पुढच्या महिन्यात गेली.” खडूचा तुकडा अजून पिंपावर होता. “ती म्हणाली अजून नाही. म्हणून मी हात लावला नाही. बाटल्यांत भरली नाही, वरून भरही घातली नाही. पाहुणे आले की थोडी काढतो आणि विचारतो. वर्षभर विचारतोय. वेळ झाली का? सगळे म्हणतात, लव्हली, मेट. कोणी लव्हलीचा अर्थ सांगत नाही.”

त्यांनी काचेच्या नळीने एक घोट काढला आणि ग्लास माझ्या हातात दिला. केतकीताई दाराशीच थांबली होती. काकांनी या वेळी स्वतःसाठी घेतली नाही. ते फक्त माझ्याकडे बघत होते.

मी खरंच घाबरले होते. भुताला नाही. त्या खोलीत भूत असतं तर सोपं झालं असतं. मला वाटलं, पुन्हा ‘छान’ म्हणावं, रिपोर्ट लिहावा आणि उद्या निघावं. आपण कोण सांगणारे? तीस वर्षं वाइन करणाऱ्या बाईच्या पिंपाबद्दल मी बोलायचं? मी आयुष्यात पाच-सहा वेळा वाइन प्यायलेली मुलगी.

“मला वाइन कळत नाही,” मी म्हटलं. इंग्रजी नीट येईना. “पण माझे बाबा माडी काढतात. पाम वाइन. झाडावरून. मला लहानपणापासून... ती कधी बिघडते ते मला कळतं.”

दाराशी केतकीताई हलली. मी तिकडे बघितलं नाही.

“बिघडली आहे?”

“हो.”

“थोडी?”

“नाही. पूर्ण. तिसऱ्या दिवसाची आहे. म्हणजे, शिरका. व्हिनेगर झालंय.”

बाहेर तोफ वाजली. आत तिचा आवाज पिंपांमधून घुमल्यासारखा आला.

काका एका रिकाम्या पिंपावर बसले. मला वाटलं मी फार मोठी चूक केली.

“कशाने?” त्यांनी विचारलं.

हे मला लेक्चरमधून माहीत होतं. लाकडातून वाइन हळूहळू उडत जाते, वर जागा होते, तिथे हवा शिरते. म्हणून भर घालत राहायची असते. हे त्यांना सांगायचं म्हणजे, तुम्ही तिचे शब्द पाळलेत म्हणून, असं सांगण्यासारखं होतं. मी जमिनीकडे बघत तेवढं म्हटलं, “हवा.”

त्यांनी मान हलवली. “गेल्या ऑगस्टपासून मला कसलाच वास येत नाही,” त्यांनी नाकाला बोट लावलं. “तिच्या स्वेटरचाही नाही. मी म्हटलं, कोणाला कळलं तर कोण जेवायला येणार? वाइन वाढणारा नकटा.” ते किंचित हसले. “तुला कसं कळलं?”

“तुम्ही ग्लासकडे बघत नाही. माणसाकडे बघता.”

“तुझे बाबा?”

“तेही.”

“त्यांना सांगितलंस?”

मी हातातला ग्लास पिंपावर ठेवला. त्यांनी खडूचा तुकडा उचलला, पिंपासमोर गेले, आणि शेवटच्या ओळीखाली आजची तारीख घातली. पुढे काही लिहिलं नाही. खडू खिशात टाकला.

केबिनकडे परत जाताना केतकीताई वाटेत थांबली. मग म्हणाली, “म्हणजे वर्षभर मला नारळाची बाग सांगत होतीस?”

“बाग आहेच गं. दुसऱ्याची आहे.”

ती एकदम हसली, आणि त्या जाळ्यांच्या रांगांमध्ये ते हसणं इतकं मोठं वाटलं की तिने तोंडावर हात ठेवला. “येडी आहेस. मला वाटायचं, ही कॉलेजात वास ओळखायच्या परीक्षेत पहिली कशी येते.”

सोमवार

जाग आली तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. उजाडलं होतं. मी पडल्या पडल्या वाट बघत होते. केतकीताईही जागी होती, तीही छताकडे बघत होती.

“वाजली नाही ना?” ती म्हणाली.

“नाही.”

पुन्हा वाट बघितली. नाही. दोन दिवस जिने आम्हाला हैराण केलं, तिच्याविना ती शांतता अंगावर यायला लागली. बाहेर आलो तर तोफ जागच्या जागी होती, नळीवर मॅगपाय. त्यालाही कळत नसावं. तो मान वाकडी करून नळीत बघत होता.

स्वयंपाकघरात काका गाजरं चिरत होते. शेजारी एका जगमध्ये पिंपातलं लाल व्हिनेगर. टेबलावर तीन ताटल्या होत्या. मी मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. निळा स्वेटर मात्र खुर्चीवरच होता.

“ये,” त्यांनी मला बोलावलं. “मी घालतो. तू नाक लाव. कधी पुरे ते सांग.”

ते जिरं कुटून घालत, लसूण घालत, व्हिनेगर घालत, आणि दर वेळी थांबत. मी म्हणे, अजून. मग, अजून थोडं. मग, पुरे. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. गाजरांकडे बघत होते. माझ्या ‘पुरे’ची वाट बघणं त्यांना आता पुरत होतं.

निघताना त्यांनी गाजरांची एक मोठी बरणी दिली. “आठ दिवसांनी उघड. मग लुर्देसला वाइन जमली होती का ते कळेल.” मग केतकीताईकडे वळून म्हणाले, “आणि कोशिंबीर कशी करतात ते मला लिहून पाठव.” हा शब्द त्यांनी शनिवारी ऐकून ठेवला होता.

जंगलातून परत येताना केतकीताईने गाणं लावलं नाही, पण तीच गुणगुणत होती.

पेंडल हिल, पुढचा सोमवार

आठ दिवस मी फोन केला तेव्हा आईशीच बोलले. बाबा मागे दिसले की मी विषय बदलायचे. आठव्या दिवशी बरणी घेऊन बसले आणि आईला म्हटलं, फोन बाबांना दे.

बाबांना सगळं सांगितलं. जंगल, तोफ, चौथी खुर्ची, पिंप. बाबांना पिंपात रस होता. “किती मोठं? कुठल्या लाकडाचं?” मग म्हणाले, “आणि त्या म्हाताऱ्याला वास येत नव्हता हे तुला कसं कळलं?”

“तो ग्लास हुंगायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा,” मी म्हटलं. “तुम्ही आईच्या बघता तसा.”

फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन बघितला. बाबा दिसत होते. तेही स्क्रीनकडेच बघत होते.

“कोणाला सांगितलंस?”

“कोणाला नाही.”

“गिऱ्हाईक तुटतील पोरी.”

“तुम्ही तिसऱ्या दिवसाची विकलीत चुकून, तर तुटतील.”

मग म्हणाले, “ती बरणी उघड. सांग मला. खरं काय ते सांग.”

मी झाकण उघडलं. आधी लसूण आला, मग जिरं, मग त्यांच्या मागून ते लाल व्हिनेगर, तीक्ष्ण, आणि त्याच्याही मागे, अगदी तळाशी, तापलेली करवंदं. मी एकेक करून सांगितलं, घाई न करता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी “जिरं भाजलंय?” असं विचारलं. भाजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजता, म्हणजे तिकडे सकाळी, आईने व्हिडिओ लावला आणि फोन कठड्यावर ठेवला. बाबा माडावरून उतरत होते, कमरेला मडकं. खाली येऊन त्यांनी ते सोडवलं. नाकाशी नेलं नाही. सरळ आईपुढे धरलं आणि स्वतः वर, माडांकडे बघत उभे राहिले.

आई वाकली. तिने वास घेतला आणि मोठ्याने, कुंपणापलीकडच्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, “आजची आहे. गोड आहे.”